सुमिंत्राचं दारातलं गाणं

सुमिंत्रा गेल्याचा मेसेज तिच्या मुलीने पाठवला, तेव्हा मी गॅसजवळ दूध राखत उभी होते. वाचला, चष्मा पुसला, परत वाचला... दूध उतू गेलंच. दीड महिना होत आला त्याला. अजूनही संध्याकाळी इथे आखातात, करामातल्या आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये दिवे लागले, की वाटतं, समोरचं दार उघडेल आणि ती हाक मारेल, "दीदी, कॉफी?" तिला इथून जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी वाटतंच.

दीदी हा तिच्याजवळ उरलेल्या मोजक्या शब्दांतला एक. ती त्रिनिदादची. पणजोबा बोटीने तिकडच्या ऊसमळ्यात कामाला गेले आणि तिथलेच झाले. दिसायला आपल्यातली, नावही आपल्यासारखं, हिंदी मात्र शून्य. पण वडिलांच्या आईला ती आजीच म्हणायची. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तिचा हात धरून बसले होते, उगीचच. माझं इंग्रजी टीव्हीवरून उचललेलं, तिचं झोपाळ्यासारखं हेलकावे घेणारं. पण आमचं कधी अडलं नाही. तिकडे ती युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकवायची. नवरा इंजिनियर, इथे टॉवर उभारायला आला, म्हणून ती नोकरी सोडून आली आणि इथल्या एका कॉलेजात तेच शिकवू लागली.

मी एकदा विचारलंच, "अगं, तुझी आजी भोजपुरी, बेटावर राज्य इंग्रजांचं, मग हे स्पॅनिश कुठून काढलंस?" हसली. म्हणाली, "दीदी, हे मला तिकडेही विचारतात." मग सांगत बसली. समुद्रापलीकडे व्हेनेझुएला. तिथून स्पॅनिश बोलणारी माणसं तिच्या बेटावर कोकोच्या मळ्यांत कामाला आली. नातवंडांपर्यंत भाषा विरून गेली, गाणी राहिली. नाताळ आला की ही मंडळी गिटार, खुळखुळे घेऊन घरोघरी जातात. पहिलं गाणं बंद दाराबाहेर म्हणायचं, ते ऐकून घरच्यांनी दार उघडायचं आणि सगळ्यांना आत घ्यायचं. पण गाणाऱ्यांतल्या कित्येकांना शब्दांचा अर्थच माहीत नसतो. ही आपल्या विद्यार्थ्यांना त्या गावांत नेऊन म्हाताऱ्यांपुढे बसवायची. आधी गाणं, पुस्तक मग.

एकदा तिच्यासारख्याच भारतीय घरातल्या एका मुलीने वर्गात तिला म्हटलं, "मिस, हे आपलं नाही." ते हिच्या मनात रुतून बसलं. "दुसऱ्यांच्या आज्यांची गाणी मी समजावून देते," ती म्हणाली, "आणि माझ्या आजीचं लग्नातलं गाणं मला पाठ आहे, पण त्यातलं अक्षर कळत नाही. जे कळत नाही ते आपलं असतं का, दीदी?" तिने ते म्हणून दाखवलं. मला वाटलं होतं, आपण सांगू अर्थ. दोनचार शब्द ओळखीचे वाटले... आणि निसटले. मग एका गणपतीत तिला घेऊन गेले. इथे वाढलेली आपली मुलं रोमन अक्षरांतली आरती बघून खणखणीत म्हणत होती. मी नातवाला विचारलं, "अर्थ कळतो का रे?" तो म्हणाला, "नो आजी, बट आय लाइक इट." सुमिंत्रा त्याच्याकडे बघत राहिली.

आणि मग तो मंदीचा क्रॅश आला. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन आकाशात हात वर करून तशाच थांबल्या. ज्या दारांतून फोडणीचा वास यायचा, तिथे जाहिरातींचे कागद साचले. हिच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट खलास, कॉलेजने स्पॅनिशचा वर्ग बंद केला. परतीची तिकिटं काढली. त्या नाताळात ती म्हणाली, "यंदा आपण घरोघरी गाऊ." आपण म्हणजे ती, मी आणि खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची झुबेदा. झुबेदा म्हणाली, "अगो, मी रोजे धरणारी बाई, मी नाताळचं गाणं म्हणू?" मी म्हटलं, "अर्थ कळेपर्यंत म्हण, मग सोड." गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत मसूर भरून आम्ही खुळखुळे केले.

पहिली दोन दारं उघडली. कुणी केक दिला, कुणी चकल्या. तिसरं घर रिकामं. मी पुढे निघाले, ती निघेना.

"अगं, आत कोणी नाही."

"दार तर आहे ना, दीदी."

आणि तिने अख्खं गाणं म्हटलं. पुढच्या रिकाम्या घरापुढेही, त्याच्या पुढच्याही. पॅसेजभर तिचा आवाज पाण्यासारखा पसरत होता. शेवटच्या बंद दाराशी खुळखुळ्याचा ठेका तोच राहिला आणि स्पॅनिश कधी संपलं ते कळलंच नाही... ती आजीचं गाणं म्हणत होती. आम्ही दोघी मागून सूर ओढत होतो, एक अक्षर न कळता. संपल्यावर ती दाराला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "त्या मुलीला हे ऐकवायला हवं." तिकडे परतल्यावर ती पुन्हा शिकवू लागली. वर्गात आता दोन्ही गाणी घेते, असं तिने फोनवर सांगितलं होतं. ती मुलगी भेटली का, हे मी कधी विचारलं नाही. आता राहूनच गेलं.

माझा खुळखुळा मसाल्याच्या डब्यांशेजारी असतो. समोरच्या घरात हल्ली केरळची एक तरुण नर्स राहते. जाता-येता हसण्यापुरती ओळख. परवा दिवेलागणीला मी तो उचलला आणि तिच्या बंद दारापुढे उभी राहिले. आवाज फाटका, शब्द निम्मे विसरलेले. आधी दारातलं गाणं म्हटलं, मग आजीचं. कडी वाजली. ओले केस टॉवेलने पुसत ती बघत राहिली, गाणं संपेपर्यंत.

"कौनसी भाषा है, आंटी?"

मी म्हटलं, "बेटा, अपनीच है."

तिने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरली.