तिच्या हाताला जमेल असं

माझी बायको चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करायची. वायरीचं टोक प्लास्टिकच्या खाचेत दाबायचं, टक् असा आवाज आला की पुढची वायर. तिच्या लाइनवरच्या बायका मला सांगायच्या, "भाऊजी, हिची बोटं बघायला सुपरवायझर थांबतो." एक दिवस ती कामावरून आली, चहाचं आधण ठेवलं आणि माचिस माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही पेटवा. आज नुसती दाबायले, दाबायले, पण वायर बसतच नव्हती. अंगठ्यात जोरच येईना."

आम्हा दोघांनाही वाटलं, ओव्हरटाइममुळे असेल. आम्ही परभणीकडचे. लग्नानंतर इकडे आलो ते कुरुळीत एका शेतकऱ्याच्या खोल्यांच्या रांगेत राहिलो. समोरच घरमालकीण मावशींचं घर, मध्ये अंगण. मी ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मशीनवर. आम्हाला मूल नव्हतं. त्याबद्दल सुरुवातीला रडून झालं होतं, आणि नंतर आम्ही एकमेकांना फार जपायला लागलो होतो.

ओव्हरटाइम बंद केला तरी अंगठा सुधारला नाही. मग दुसरा हात, मग पायरी चढताना पाय. पिंपरीच्या दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. नसांचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणारा. हात जातील, पाय जातील, पुढे बोलणं आणि गिळणं. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल, बरं होणार नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. तिने विचारलं, "डॉक्टर, ह्याच्यात विसरायला होतं का?"

"नाही. डोकं शेवटपर्यंत चांगलं राहतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

बाहेर चहाच्या टपरीवर तिने दोन्ही तळव्यांत ग्लास धरला आणि मला म्हणाली, "आता घरात माझ्या हाताला जमेल असं सामान बघावं लागेल. पण निवडणार मी. तुम्ही फक्त गाडी चालवायची."

माझी सुट्टी गुरुवारी. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्या गुरुवारी बंद असतात आणि लाइटही त्याच दिवशी जाते. म्हणून तिने नियमच केला, की जी वस्तू गुरुवारी चालत नाही ती घरात नको. मी मोबाइलवर काही भारी यंत्र दाखवलं की ती म्हणायची, "आणि लाइट गेल्यावर काय, ह्याची पूजा करायची?"

पहिल्यांदा आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो ते पोळ्या लाटायच्या यंत्रासाठी. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दाखवलं. कणकेचा गोळा ठेवा, वरून झाकण दाबा, पोळी तयार.

"ज्वारीची भाकरी होते का ह्याच्यात?" तिने विचारलं.

"भाकरी? मॅडम, भाकरी कोण खातं आता?"

"आम्ही खातो की."

तिने झाकणाची दांडी दाबून पाहिली. ती अर्ध्यावरच राहिली. दुकानदार म्हणाला, "जरा जोर लावा, मॅडम." तिने दांडी सोडली आणि हसून म्हणाली, "जोर असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?" परतताना ती गाडीवर मागे बसून त्याची नक्कल करत होती, भाकरी कोण खातं आता, भाकरी कोण खातं आता. मीही हसत होतो. भोसरीच्या पुढे तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं मला कळलं.

त्या दिवशी आम्ही शेवटी दोरीचा कटर घेतला. प्लास्टिकचं भांडं, आत पाती, दोरी ओढली की कांदा बारीक. लाइट लागत नाही, बिघडायला काही नाही. बोटांत धरवेना तेव्हा तिने दोरीची कडी मनगटात अडकवली आणि कोपराने ओढायला लागली. भांडं मात्र मी धरायचो. पाण्याचा माठ काढून टाकला आणि नळाचा जार ओट्याच्या कडेला ठेवला. त्याचा खटका तिला हाताच्या मागच्या बाजूने दाबता यायचा. बाथरूमच्या दाराची कडी काढून तिथे लोहचुंबकाची पट्टी लावली. अशी एकेक वस्तू घरात आली की दोन-चार दिवस घर हलकं व्हायचं. तिला पुन्हा काहीतरी स्वतःहून करता आलं, याचा आनंद असायचा. ती मावशींना बोलावून दाखवायची. मावशी पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "व्हय गं बाय, लई भारी हाय." आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत.

कारण वस्तू टिकायची, हात टिकत नव्हता. कटर नव्यासारखा होता तोच तिचा कोपर उठेनासा झाला. जारचा खटका मऊ होता, तरी एक दिवस ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि मला हाक मारली. मी पाणी दिलं. प्यायल्यावर म्हणाली, "वस्तू चांगली होती हो. तिचा काही दोष नाही."

तरी ती गुरुवारी निघायचीच. गाडीवर मला धरून बसणं जमेना, म्हणून तिच्या ओढणीने मी आम्हा दोघांना कमरेशी बांधायचो. हायवेवर कंटेनर शेजारून गेला की मला घाम फुटायचा. तिला सांगितलं, आता रिक्षाने जाऊ. तर म्हणाली, "रिक्षात तुम्ही तिकडं, मी इकडं. असंच बरंय." पाय पूर्ण गेले तेव्हा गाडी थांबली.

त्याच सुमारास तिचं बोलणं जड झालं. कंपनी तर केव्हाच सुटली होती, पण तिथल्या मैत्रिणींशी ती मोबाइलवर बोलायची. टाइप होत नव्हतं म्हणून ती तोंडाने सांगायची आणि मोबाइल लिहून द्यायचा. आधी छान चाललं होतं. मग मोबाइलला तिचं मराठी कळेना. ती म्हणाली "जेवले", तर पडद्यावर भलताच शब्द आला. पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकला. मला मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "मी लिहितो की, तू सांग." तिने नको म्हणून मान हलवली. मोबाइल उशीखाली सरकवायला सांगितला आणि परत मागितला नाही.

मी शिफ्टला गेल्यावर काय, हा प्रश्न होता. माझी आई गावाकडे अंथरुणावर, तिचे आईवडील नाहीत. मावशी म्हणाल्या, "आमी हाय की समोर. पन हाक आली तर कळाया पायजे." म्हणून मी एकट्याने जाऊन बिनवायरीची बेल आणली. बटण तिच्या गालाजवळ उशीला शिवलं, घंटा मावशींच्या स्वयंपाकघरात. घंटाही सेलवर चालणारी होती, हे तिला मुद्दाम दाखवलं. तिने गालाने बटण दाबलं. समोरून गाणं वाजलं आणि मावशी लाटणं हातात घेऊनच धावत आल्या. ती हसली, आणि उगाचच परत दाबलं.

एका गुरुवारी सकाळी तिने मला जवळ बोलावलं. बोलणं आता फक्त मला आणि मावशींना कळत होतं. म्हणाली, कुकर बघायचाय.

"आहे की कुकर."

"तो मोठा आहे. मोबाइलवर दाखवा."

मी खाटेवर तिच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरला आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेलो. नको असेल तर ती डोळे उघडे ठेवायची, हवा असेल तर मिटायची. तीन लिटरचा, नको. दोन लिटरचा आतल्या झाकणाचा, नको. शेवटी एक इवलासा कुकर आला. बाहेरच्या झाकणाचा, लांब दांड्याचा, नवशिक्यालाही लावता येईल असा. तिने डोळे मिटले.

"अगं, ह्याच्यात दोघांचं कसं होणार?"

मी बोलून गेलो आणि मग मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल पालथा ठेवला. उठून अंगणात गेलो, नळाखाली तोंड धुतलं, परत धुतलं. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं रं?" आत आलो तर ती तशीच बघत होती. म्हणाली, "मोठ्यात एकट्याचा भात खाली लागतो. तुम्ही मग बाहेरच जेवाल. मेसचं खाऊन तुम्हाला पित्त होतं."

कुकर घरी आला. त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. खाट ओट्याकडे तोंड करून वळवली. मी डाळ भांड्यात घ्यायचो आणि तिला दाखवायचो, पाणी घालायचो आणि दाखवायचो. मीठ चमच्यात घेऊन तिच्यापुढे धरायचो, ती बघत राहायची, मी थोडं थोडं कमी करायचो, बरोबर झालं की ती डोळे मिटायची. शिट्ट्या ती मोजायची. मी लवकर गॅस बंद करायला गेलो की घशातून आवाज काढायची. जमलं की मी खिचडीचं पातळ करून तिला अर्धा चमचा भरवायचो. गिळायला वेळ लागायचा. गिळून झाल्यावर ती डोळ्यांनी हो म्हणायची. कंपनीत आमचं मशीन पास झाल्यावर ऑडिटवाल्यांनी दिलेली शाबासकीही मला कधी एवढी वाटली नव्हती.

ती गेली ती गुरुवारीच, दुपारी. लाइट नव्हती. बॅटरीचा पंखा तिच्याकडे तोंड करून लावला होता आणि मी तिच्या ओठांना ओल्या कापसाने पाणी लावत होतो. आदल्या दिवशी तिला श्वास लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, इथंच ठेवायचं का, नळी घालायची का. तिने डोळे उघडे ठेवले होते, माझ्याकडे रोखून. म्हणून मी तिला घरी आणलं होतं. तिचा श्वास थांबत थांबत चालला होता. मी म्हणालो, "मी आहे इथंच." तिने डोळे मिटले. मला वाटलं ती हो म्हणतेय. मी बराच वेळ तसंच समजून बसलो होतो. मावशी आल्या, त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला आणि माझ्या हातातला कापूस काढून घेतला.

दिवस झाल्यावर माझा भाऊ म्हणाला, गावाकडे चल. मी गेलो नाही. तिथे तिला ओळखणारं फार कुणी नव्हतं. इथे मावशी आहेत, अंगण आहे, तिच्या लाइनवरच्या बायका चाकणच्या बाजारात भेटतात आणि भाजी घेता घेता उभ्या राहून तिच्याबद्दल बोलतात. त्यातल्या एकीच्या सासऱ्याला लकवा झालाय. तिने विचारलं तेव्हा आमच्याकडचं बरंचसं सामान मी तिला देऊन टाकलं. देताना कशाला किती जोर लागतो ते एकेक करून सांगितलं. कटरचं सांगताना मी त्याची दोरी ओढतच राहिलो. ती बिचारी "राहू द्या भाऊजी, आम्ही बघतो" म्हणाली.

लहान कुकर मी ठेवलाय. पहिली शिफ्ट करून आलो की त्यात भात किंवा खिचडी लावतो. पाणी आता बरोबर पडतं, शिट्ट्या कळतात. मिठाचं मात्र जमलेलं नाही. चमचा हातात घेऊन मी ओट्यापाशी उभा राहतो, थोडं कमी करतो, परत थोडं घेतो. कधी अळणी होतं, कधी खारट. जसं होईल तसं खातो. मावशी कधीतरी दारातून विचारतात, "जेवलास का रं?" मी म्हणतो, जेवलो.