नितळ काकवी

प्रेमचंद गुळव्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना ऊन-थंड कळत नाही. चाळीस वर्षं ती बोटं उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीत जाऊन आली आहेत. आधी थंड पाण्याच्या घमेल्यात, मग रसात, पुन्हा पाण्यात, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. बोटाला लागलेला रस अंगठ्याशी दाबून तार ओढायची. तार कुठं तुटते त्यावरून काहील उतरवायची की अजून जाळ द्यायचा ते ठरतं. त्याच्या बापानं हे त्याला कधी शिकवलं नाही. बापानं एकदा त्याचं मनगट धरलं आणि हात रसात बुडवला, एवढंच शिक्षण.

म्हसावदच्या अलीकडे, उसाच्या आणि केळीच्या शेतांमध्ये त्याचं गुऱ्हाळ आहे. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर आहे, एक चरक, एक चुलवाण आणि वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग. मागच्या बाजूला काळ्या दगडाची एक भिंत जमिनीतून वर आलेली आहे. पुरुषभर उंच, बैलगाडी जाईल इतकी रुंद, आणि सरळ रेषेत सातपुड्याकडं पाठ करून निघून गेलेली. गावात सांगतात की ती गवळी राजानं बांधली. प्रेमचंदही तेच सांगायचा. मग त्याची मुलगी भूमिका अकरावीत गेली आणि एक दिवस म्हणाली, ही कुणी बांधलेलीच नाही. खाली जमीन फाटली, त्या चिरेत वितळलेला दगड चढला आणि चढता चढता थिजला. दोन्ही बाजूंचा मऊ मुरूम पावसानं नेला, थिजलेलं तेवढं उभं राहिलं.

प्रेमचंदनं तंबाखू मळत थोडा विचार केला. "म्हंजे साचा सडी गया, ढेप ऱ्हायनी," तो म्हणाला.

भूमिकानं हे वाक्य वहीत लिहून घेतलं होतं. तिचं असंच होतं. लहानपणी बाकीची पोरं गरम गूळ चाटायला यायची, ही गूळ ओततानाच बघत बसायची. ओतलेल्या गुळावर साय धरते, आतला गूळ अजून पळत असतो, आणि सायीला सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या नेहमी पुढच्या बाजूला का वाकतात, असं तिनं आठव्या वर्षी विचारलं होतं. मधलं पळतं आणि कडेचं मागं राहतं म्हणून, असं प्रेमचंदनं सांगितलं. त्या उत्तरातून पुढं काय निघणार आहे हे कुणाला ठाऊक!

आता ती सव्वीस वर्षांची आहे आणि पुण्याच्या एका संस्थेत अशाच काळ्या भिंतींचं गणित मांडते. संगणकात चीर आखायची, खालून वितळलेला दगड सोडायचा, तो किती वेळात किती चढेल आणि चिरेच्या कडा किती वाकतील ते काढायचं. पण संगणक आपण शिकवू तेच बोलतो. तो खरं बोलतो का हे बघायला दोन काचांच्या बारीक फटीत दगडासारखंच जड, चिकट काहीतरी चढवून बघावं लागतं. बाजारातली काकवी तिनं वापरून पाहिली, तिच्यात आठ दिवसांत साखरेचे खडे धरले. बापूंच्या, म्हणजे प्रेमचंदच्या, काकवीत वर्षभर खडा धरत नाही. गेल्या हंगामात प्रेमचंदनं तीन कॅन भरून पाठवले. पोरीच्या काचेत जायची म्हणून ती काकवी त्यानं अशी नितळ केली होती की कॅनच्या तोंडातून आत पाहिलं तर आपला चेहरा दिसावा.

सप्टेंबरात तिचा फोन आला होता. "बापू, तुम्ही काकवीमा काही टाकतस का?"

प्रेमचंदला ते लागलं. "मी? तो पल्याडना गुऱ्हाळवाला झिपरू टाकस, पावडर काय, साखर काय. मन्ही काहीलमा उसना रस आणि जाळ. दुसरं काहीच नही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डिसेंबरात भूमिका न सांगता घरी आली. दोन दिवस ओट्यावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमचंद जोडे घालत होता तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"माय, मी सोडी देसू ते. आठ महिना व्हयनात, मन्हं गणित जुळतच नही. जानेवारीमा काम तपासानी समिती बठी. त्यासनी काढाना आधी मीच चिठ्ठी देस."

"आणि मंग?" शांतीबाई म्हणाली.

"मंग काय, शाळामा शिकाडसू. माले हाई जमत नही, माय. माले आधी वाटे मी हुशार शे."

प्रेमचंद जोडे हातात घेऊन तसाच उभा राहिला. पोरगी रडत नव्हती. तेच त्याला जड गेलं.

शांतीबाई बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमले रसनी तार समजस. पोर तुटी ऱ्हायनी ते समजत नही."

त्या दिवशी तो भूमिकाला मुद्दाम गुऱ्हाळावर घेऊन आला. भिला चुलवाणात चिपाड सारत होता. भिला सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पंधरा वर्षं प्रेमचंदकडे जाळ सांभाळणारा. काहिलीतला रस तापू लागला होता. भूमिका चिपाडाच्या ढिगावर बसली.

"काय चुकस ते माले सांग," प्रेमचंद म्हणाला.

"बापू, ते तुमले नही समजाव."

"नही समजनं तं नही समजनं. तू सांग तं खरी."

ती कंटाळून सांगू लागली. उंच नळीत काकवी भरायची आणि वरून लोखंडाची गोळी सोडायची. गोळी किती वेळात तळाला जाते त्यावरून काकवी किती घट्ट ते कळतं. तो आकडा संगणकाला द्यायचा. संगणक म्हणतो, काचांच्या फटीत ही काकवी चाळीस मिनिटांत खुणेपर्यंत येईल. प्रत्यक्षात तिला लागतो सव्वा तास. फट मोजली, काचा बदलल्या, गणित पहिल्यापासून केलं. सव्वा तासच.

"गोळी कशी जास? दनकन?"

"हा. सरसर खाले."

"आणि फटीमा?"

"फटीमा मुंगीना पायवर. दिसतबी नही चालताना."

प्रेमचंदचा तंबाखू मळणारा हात थांबला. जोरात हलवलं तर पळतं, सावकाश जाऊ दिलं तर धरून बसतं. असा एकच पदार्थ त्याच्या ओळखीचा होता, आणि तो त्याच्या पायाशी बादलीत होता.

रानभेंडीची झाडं ठेचून रात्रभर पाण्यात ठेवली की शेंबडासारखा रस सुटतो. उसाचा रस तापू लागला की हा चिकट रस काहिलीत द्यायचा. तो सगळी घाण आपल्या अंगाला चिकटवून वर आणतो, काळपट मळी होते, ती झाऱ्यानं काढून फेकायची. भेंडीशिवाय काकवी नितळ होत नाही. पण भेंडी काकवीत असते, असं प्रेमचंदच्या मनात चाळीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. ती येते, मळी घेते, मळीबरोबर जाते. घर झाडलं म्हणून घरात केरसुणी मिसळली असं कोण म्हणतं? आणि ही पोरगी याच बादलीशेजारी वाढली, तिलाही ते सुचलं नव्हतं.

सगळी भेंडी मळीबरोबर जात नसणार. थोडी मागं राहत असणार. आणि पोरीच्या काकवीला तर त्यानं दोनदा भेंडी दिली होती.

तो काहिलीकडे पाहत राहिला. गप्प बसला असता तर कुणालाच कळलं नसतं. गणित पोरीचं चुकलं असतं, काकवी त्याची नितळ राहिली असती. फेस काठाला आला तरी त्यानं झारा उचलला नाही.

"काका, उतू जाई!" भिला ओरडला आणि त्यानंच जाळ मागं ओढला.

"भूमी," प्रेमचंद म्हणाला. एवढ्या मोठ्या मुलीला तो या नावानं हाक मारत नसे. "तुन्हं गणित चुकेल नही. मन्ही काकवी चुकेल शे."

त्यानं बादलीत हात घालून वर काढला. बोटांपासून बादलीपर्यंत एक लांब, चकाकती धार लोंबत राहिली. तुटेचना. हात झटकला तशी पटकन तुटली.

भूमिका त्या धारेकडे पाहत उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे.

"मी इचारं व्हतं ना तुमले," ती म्हणाली.

"इचारं व्हतं. मी नही म्हनं. भेंडी टाकेलमा धरानी, हाई माले समजनंच नही."

"आठ महिना, बापू! आठ महिना मी सोताले येडी समजी ऱ्हायनी!"

ती चालत काळ्या भिंतीकडे गेली आणि तिच्यावर चढून पाठमोरी बसली. प्रेमचंद मागं गेला नाही. काही वेळा माणसाच्या मागं जाणं म्हणजे त्याचं एकटेपण चोरणं असतं.

त्यानं भिलाला बादली लांब नेऊन ओतायला सांगितली. "आज भेंडी नही."

"मंग मळी काय देव काढी?"

"मी काढसू."

भेंडीशिवाय मळी एकत्र येत नाही, चिंध्या चिंध्या होऊन फिरते. प्रेमचंद झारा घेऊन काहिलीवर वाकला. काढावी तेवढी पुन्हा वर यायची. जाळ मंद ठेवायचा, फेस बाजूला सारायचा, फडक्यातून गाळायचं, पुन्हा उकळायचं. दुपार झाली. वाफेनं त्याचा चेहरा सुजल्यासारखा लाल झाला. काकवीचा रंग गढूळ, पुरातल्या तापीसारखा.

झिपरू मोटारसायकलवरून चालला होता, थांबून आत डोकावला. "काय भो प्रेमचंद, काहीलमा म्हशी धोयात का?"

गढूळ काकवी काढणं म्हणजे गुळव्यानं चारचौघांत उघडं होणं. प्रेमचंदचे कान तापले. पण तो म्हणाला, "हाई खावानी नही, झिपरू. मोजानी शे."

"काकवी मोजतस?"

"मन्ही पोर मोजस."

झिपरू हसत निघून गेला. प्रेमचंदनं पुन्हा झारा बुडवला तेव्हा शेजारून एक हात आला आणि तो झारा काढून घेतला. भूमिकानं ओढणी कमरेला खोचली होती. डोळे सुजलेले होते. दोघं आळीपाळीनं मळी काढत राहिले, चार वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काकवी पुरती निवल्यावर, ओट्यावर प्रयोग झाला. जुन्या खिडकीच्या दोन काचा, मध्ये कडेनं पत्र्याच्या पट्ट्या, खालून काकवी ढकलायला उंचावर टांगलेली एक बाटली. शांतीबाईच्या लाटण्याएवढ्या नळीत सायकलचा छर्रा सोडून भूमिकानं वेळ घेतला आणि संगणकात आकडे भरले. या काचांना संगणकानं अडतीस मिनिटं सांगितली.

मग बापलेक काचांसमोर बसले. गढूळ काकवी फटीत शिरली. मधे पुढं, कडेला मागं, असं वाकलेलं तोंड घेऊन ती चढत होती. चढताना दिसत नव्हती. नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की थोडी वर असायची. शांतीबाईनं चहा आणून ठेवला. प्रेमचंद श्वाससुद्धा बेतानं घेत होता, जणू त्याच्या श्वासानं काकवी बिचकेल.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला ती खुणेला लागली.

भूमिकानं घड्याळ बंद केलं. तिनं वही ओढली आणि लिहू लागली, भराभर. प्रेमचंदला वाटलं आता ती उठेल, आईला सांगेल, हसेल. ती लिहीतच राहिली. मग मान वर करून तिनं विचारलं, "बापू, त्या तीन कॅनले भेंडी कितली दिन्ही व्हती?"

"दोन टाईम."

"दोन टाईम नही. माप सांगा."

"चार-चार ओंजळी." तो ओशाळला. "माप कधी धरं नही. काबर?"

"कितली व्हती ते समजनं तं त्या आठ महिनाबी हिशोबमा येतीन. खरा दगडबी काही साधा पानीसारखा पळत नही, बापू. त्यामाबी काय काय मिसळेल ऱ्हास." ती उठली, घरात गेली, पाण्याची कळशी आणि काचेचं मोजपात्र घेऊन आली. "ओंजळ करा."

प्रेमचंदनं दोन्ही हात जुळवून पुढं केले. भूमिकानं पाणी ओतलं, ओंजळ भरली, मग त्याची मनगटं धरून ते सगळं पाणी हळूच मोजपात्रात वळवलं. अर्धं बोटांच्या फटींतून तिच्या पायांवर गळून गेलं.

"गळी गयं," ती म्हणाली. "पुन्हा."

त्यानं बोटं घट्ट मिटून हात पुन्हा पुढं केले.