दाजींची तलवार आणि तीन मजली केक

जपानातल्या त्सुयामात तोकुजी अकागींनी छत्तीस वर्षं बस चालवली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी हॉर्न कधी वाजवला हे कुणाला आठवत नाही. असा मऊ माणूस निवृत्त झाल्यावर तलवारींच्या नादाला लागेल असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. पण लागले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतला चांगला लचका तोडून त्यांनी पहिली तलवार घेतली. मूठ काढली की आत पात्याच्या शेवटाला तलवारींसाठी प्रसिद्ध अशा बिझेन प्रांतातल्या एका जुन्या, नामांकित लोहाराची सही कोरलेली दिसे. ती त्यांच्या काळजाचा तुकडा. मागून आणखी दोन आल्या. एक ठीकठाक, आणि एक बिनसहीची, कुणाच्या तरी माळ्यावर गंजत पडलेली. तिला त्यांची बायको फुसाए ‘रताळं’ म्हणे.

दर रविवारी सकाळी तोकुजी चटईवर बसून तिघींची सेवा करत. जुनं तेल मऊ कागदाने पुसायचं, रेशमी गोंड्याने दगडाची भुकटी थापायची, पुन्हा पुसायचं आणि लवंगेच्या तेलाचा हात फिरवायचा. शेजारीण कुंपणावरून विचारायची, आज कुणाची दाढ दुखतेय?

थुंकीचा एक थेंब उडाला तरी पातं गंजतं, म्हणून या कामात बोलायचं नसतं. तोकुजी ओठांत घडीचा कागद धरूनच बसत. फुसाएला हे फारच सोयीचं पडलं. बसमध्ये गप्प राहिलेला हा माणूस घरात त्याची भरपाई करत असे. तिच्या दर वाक्याला त्याच्याकडे दोन असत. त्यामुळे अडलेली सगळी कामं ती रविवारवर ढकलायची. कपडे धुण्याचं नवं मशीन, मैत्रिणींबरोबर गरम झऱ्यांची सहल, घरात मांजर, हे सगळं रविवारीच मंजूर झालं होतं.

एका मंगळवारी तिच्या धाकट्या भावाचा, मोरितोचा, फोन आला. "दाजी, तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाला. मुलीच्या लग्नात केक कापायला दाजी आपली तलवार देणार, म्हणून पोरगी हवेत होती.

फोन ठेवून तोकुजी बायकोकडे वळले.

"मी तीनदा विचारलं," फुसाए म्हणाली. "तुम्ही तिन्ही वेळा मान हलवलीत."

"अगं, मी धार बघत होतो. धार बघताना मान हलतेच."

पण पोरीला दिलेला शब्द मोडवेना. तोकुजींनी रात्रभर विचार केला आणि तोड काढली: रताळं न्यायचं. सकाळी ते बसने एबारा शिकलगारांकडे गेले. एबारांचा जन्म पाती घासून उजळवण्यात गेला होता, आणि गावातल्या तलवारवेड्यांच्या मंडळात त्यांचा शब्द शेवटचा होता.

"गुरुजी, वरवरचा गंज तेवढा काढून द्या. केक कापायचाय."

एबारांनी पातं खिडकीशी नेलं. तिरकं केलं, उलटं केलं, मूठ काढून पाहिली. तोवर चहा निवला.

"ही केकला न्यायची नाही," अखेर ते म्हणाले. "सहाशे-सातशे वर्षांची तरी असेल."

"पण हिला सही कुठाय?"

"सही नाही, हात दिसतोय. फार मोठ्या माणसाचा."

तोकुजींना आधी आनंद झाला. मग त्यांना आपल्या लाडकीची आठवण झाली. ते हळूच म्हणाले, "आणि माझी सहीवाली?"

एबारा किटली शोधू लागले. किटली समोरच होती.

"गुरुजी, कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. म्यान मात्र सुरेख आहे हो तिचं."

अकरा वर्षं मंडळातले सातही जण सहीवालीच्या म्यानाचीच का तारीफ करत होते, हे तोकुजींना तिथे बसल्या बसल्या उमगलं. त्यातला एक तर म्यानाच्या दोरीच्या गाठीचीही करायचा.

घरी येऊन ते जेवले नाहीत. फुसाएने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सुटलंच की. खोटीच न्या केकला. जीव तुटायला नको."

"तुटतोच," तोकुजी म्हणाले.

लग्नाला ते सहीवाली घेऊन गेले, सरकारी नोंदणीच्या कागदासकट आणि पुसायच्या सामानासकट. तीन मजली केकपुढे नवऱ्या मुलाने मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली. मागे उभ्या तोकुजींनी त्याच्या कानाशी सांगितलं, "हळू. ब्रेकवर पाय ठेवतो तसं." केक वरपासून खालपर्यंत सरळ चिरला गेला. खालचा टेबलक्लॉथही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

क्रीम लागलेलं पातं बघून तोकुजींना मात्र धीर निघेना. त्यांनी तिथेच गुडघे टेकले, ओठांत कागद धरला आणि पुसायला बसले. कागद, भुकटी, पुन्हा कागद, तेल. ऐंशी पाहुण्यांची समजूत झाली की हाही विधीचाच भाग आहे. नवऱ्याच्या आजोबांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तशा मागच्या दोन रांगाही वाकल्या. तोकुजी वर पाहतात तो समोर नुसती वाकलेली डोकी. त्यांनीही वाकून नमस्कार केला.

तिथून आमंत्रणं सुरू झाली. वर्षात पाच लग्नं आणि एका दवाखान्याचं उद्घाटन. ‘ते पुसणारे काकाही हवेत’ अशी अट सगळ्यांचीच. लोण्याचा केक असेल तर मी येणार नाही, असं तोकुजी दर वेळी बजावतात, आणि सूट इस्त्रीला देतात.

रताळं आठ महिन्यांनी एबारांकडून परत आलं. पाण्यासारखं पातं, वर साधं पांढऱ्या लाकडाचं नवं म्यान. तोकुजी ते फार क्वचित उघडतात.

"काय सांगू गं," एकदा ते फुसाएला म्हणाले. "फार मोठ्या घरची सून आल्यासारखं वाटतं. काय बोलावं तेच सुचत नाही."