धाकटीला पाण्यात पाहिलं

नवरा म्हणतो, मी धाकटीला पाण्यात पाहते. पाहतेच मुळी! दर मंगळवारी साडेदहाला, पोहण्याच्या तलावाच्या काचेआडून, दुकान बंद ठेवून पाहते. ती छातीभर पाण्यात गुडघे उचलून चालते, प्रशिक्षक बाई "शाब्बास" म्हणतात आणि इथे माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्हा दोघी बहिणींना आईचे पाय मिळाले. कंबर बारीक, आणि खाली घोट्यापर्यंत नुसते खांब. जरा हात लागला तरी ठणका, धक्का लागला की काळंनिळं. मामी म्हणायची, "जरा खाणं आवरा गं!" आम्ही उपाशी राहून चक्कर येऊन पडलो, पाय तसेच. मी शिंपीण, त्यामुळे दोघींच्या पँटी एकाच कागदी मापावर कापायचे. शिवणीत माया भरपूर ठेवायचे, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. कमी करायची वेळ येईल असं कधी वाटलंच नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, लिपेडेमा. खाण्याचा दोष नाही म्हणाल्या. घट्ट मोजे घाला, पाण्यातला व्यायाम करा, रबरी पट्टे ओढा. पाय बारीक होतीलच असं नाही, पण दुखणं कमी होईल, ताकद येईल. मी म्हटलं, "मग दुकान कोण बघणार, तुम्ही?" धाकटी मात्र मुकाट्याने तलावावर नाव घालून आली.

सहा महिन्यांनी ती पँट घेऊन दुकानात आली. दुकान वरच्या मजल्यावर, वीस पायऱ्या. मला मध्ये दोनदा थांबावं लागतं. ही गुणगुणत आली.

"ताई, सैल होतेय. आत घेतेस?"

मी फीत काढली. मांडी, गुडघा, पोटरी. पोटरी दीड सेंटीमीटर कमी भरली. दीडच! तरी मी फितीखाली हळूच बोट सरकवलं.

"होतं तेवढंच आहे."

"नीट बघ ना."

"तीस वर्षं मापं घेतेय मी. कापडच ताणलंय."

तिचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे सहा महिने पाण्यातच गेले," ती म्हणाली. एरवी या विनोदावर आम्ही आठवडाभर खिदळलो असतो. "जाऊ दे. मंगळवारपासून बंद करते."

झालं माझ्या मनासारखं. पुन्हा दोघी एका मापाच्या. ती निघाली आणि जाताना तिने कठडा धरला. येताना धरला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं पोटरीला फीत टेकली की ती माझ्या हातावर चापट मारायची. आज मी बोट रुतवलं तरी हूं की चूं केलं नाही. तिला दुखलंच नव्हतं.

मी जिन्याच्या तोंडाशी धावले, म्हणजे मला जमतं तशी. ती रस्त्यावर पोचली होती.

"अगं, बोट होतं!"

"काय?"

"फितीखाली माझं बोट होतं! मीच घातलं!"

ती क्षणभर वर बघत राहिली. मग जी सुटली! वीस पायऱ्या एका दमात, कठड्याला हात न लावता, मला शिव्या घालत. समोर उभी राहिली तेव्हा तिला धापसुद्धा लागली नव्हती. माझी चोरी उघडी पडली होती, तरी मेलं माझं लक्ष त्या न लागलेल्या धापेकडेच.

"का केलंस असं?"

"जळते मी तुझ्यावर," मी म्हटलं. "आपण दोघी मिळून दुखत होतो गं. आता मी एकटीच दुखते."

तिने माझ्या गळ्यातली फीत ओढून घेतली, मला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली उकिडवी बसली. मला असं उकिडवं बसून किती वर्षं झाली! तिने फीत माझ्या पोटरीभोवती अगदी अलगद, लहान मुलाला लावावी तशी लावली.

मी किंचाळले, आणि तिच्या हातावर चापट मारली.