रोहण्याच्या मंदाचं काळं पिल्लू

मंदा गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी केला, त्याला आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायचं तर काळ्या पिल्लाविषयी लिहावं लागतं, आणि तेच मी इतकी वर्षं टाळत आलो...

नव्वदच्या दशकात वर्ध्याजवळच्या एका संशोधन केंद्रात उंदरांचं प्राणीगृह माझ्याकडे होतं. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची मंदा माझ्या हाताखाली पीएचडी करत होती. आमचे उंदीर फिकट राखाडी. त्यांच्या रंगाच्या जनुकात एक जुना विषाणू घुसून बसलेला, आईबापाकडून पिल्लांत वारशानं उतरत आलेला. त्यानं जनुक बिघडलं होतं, म्हणून रंग उतरला होता. उंदीर हातात घेतला की मंदा त्याच्या पाठीवर हलकी फुंकर मारून केसांच्या मुळाशी रंग बघायची. मी तेव्हा कलप लावत असे. एकदा म्हणाली, "सर, तुमच्या केसाले मारू काय फुंकर? पाहू खाली काय निघते." सगळे हसले, मीही हसलो.

मग तिच्या पिंजऱ्यात, फिकट जोडीच्या पोटी, एक काळंभोर पिल्लू निघालं. वेगळा रंग दिसला की बाहेरचा नर शिरला असं धरायचं आणि पिल्लू ठेवायचं नाही, हा माझाच नियम.

"नर नाई शिरला, सर," ती म्हणाली. "तो विषाणूच गळून पडला असंन. त्याचा बारका तुकडा जनुकात मागं राह्यते. मले शेपटीच्या तुकड्यातून जनुक तपासू द्या."

"आणि प्राणीगृह चालू ठेवायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीला काय सांगू? आमच्या उंदरांची जात बाटली?"

"थांबा म्हणा. दुसरं काय."

मी थांबलो नाही. पोळ्याला ती गावी गेली, तेव्हा मी ते पिल्लू मारायला लावलं. समितीला सांगितलं, मंदाच्या निष्काळजीपणानं पिंजरे मिसळले. प्राणीगृह वाचलं. तिचं काम बंद झालं. परतल्यावर रिकाम्या पिंजऱ्यासमोर ती बराच वेळ उभी होती. पुढे आर्वीच्या कॉलेजात शिकवू लागली.

काही वर्षांनी तसंच दुसरं पिल्लू जन्मलं. या वेळी मी शेपटीचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. विषाणू गेला होता, त्याचा तुकडा तेवढा उरला होता. मंदाचं बरोबर होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि नाव चांगलं होतं.

नंतर एकदा आर्वीच्या एसटी स्टँडवर ती भेटली. चहा घेतला, तिच्या मुलीची चौकशी केली. माझ्याकडे बघत म्हणाली, "काऊन सर, काई सांगायचं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो, "गाडी लागली."

गाडी लागली नव्हती.

परवा तिच्या घरी गेलो. ओसरीवर एक राखाडी मांजर बसलं होतं. यजमान म्हणाले, "येता-जाता त्याच्या पाठीवर फुंकर मारे. काऊन ते मले कधी समजलंच नाई." मला समजत होतं, पण त्यांनाही सांगता आलं नाही. ते पाणी आणायला आत गेले, तेव्हा मी वाकून त्या मांजराच्या पाठीवर फुंकर मारली. केस दुभंगले.

मंदा, पिंजरे मिसळले नव्हते. मी खोटं बोललो. मला...