एवढंसं ऑपरेशन

गंगापूरला लेकीकडे होते, तेव्हा शोभाच्या यजमानांचा, दिनकररावांचा फोन आला. "ताई, शोभा गेली," एवढंच बोलले. मला कळेचना. पित्ताशयातले खडे काढून ती घरी येऊन पंधरवडाही झाला नव्हता...

आम्ही शेजारणी. माझी गर्भपिशवी काढली तेव्हा पोटावर वीतभर टाके होते, आणि ही बाई मला चहाचं भांडंसुद्धा उचलू देत नव्हती. नळाला पाणी आलं की आधी माझ्याकडचं भरायची, मग स्वतःचं. "उठून तर बघ तू!" असा दम द्यायची. तिची वेळ आली तेव्हा मात्र दुर्बिणीतून ऑपरेशन, लगेच घरी. भेटायला येणारे पोटावरच्या चिकटपट्ट्या बघून म्हणायचे, "बस, एवढंच?" आणि तीही हसत त्यांच्यासाठी चहा टाकायची. वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि आलं की घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवावं लागतं. तिनं बादल्या उचलल्या. मी फोनवर चिडले, तर म्हणाली, "मला कुठं फाडलंय तुझ्यासारखं? चार टोचे तर मारलेत."

मग बेंबीशी गाठ आली, पोट दुखू लागलं. घरात सगळ्यांनी ठरवलं, बेंबी सरकली. आमच्याकडे वजन उचलून पोट दुखलं की बेंबीच सरकते! गल्लीतल्या एका आजींनी तेल लावून, पोट चोळून ती 'बसवली'. उलट्या लागल्या, तर म्हणे पित्त. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, ऑपरेशनच्या बेंबीजवळच्या छिद्रातून आतडं बाहेर येऊन अडकलंय, काळं पडलंय. पोट उघडलं, पण विष अंगभर पसरलं होतं. मला अजून राग येतो. कुणावर, ते धड ठरत नाही. त्या आजी तर रडून रडून अर्ध्या झाल्यात.

परवा दिनकररावांनी तिचं कपाट आवरायला बोलावलं. साड्यांच्या घडीखाली दवाखान्यातून दिलेला पोटाचा पट्टा होता, प्लास्टिकमधून न काढलेला. "लई उकडतं म्हणायची..." ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "ताई, ऑपरेशन लहानच होतं ना?"

येईल त्याला ते हेच विचारतात, आणि लोक हो म्हणतात. मी पट्टा हातात धरून उभी राहिले.

"नाही हो, भाऊजी," मी म्हटलं. "छिद्रं लहान होती. ऑपरेशन माझ्याएवढंच होतं."

ते पलंगावर बसले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा रडले.