नाक आईचं

"आधी नाक बघू." कचेरीत नवा माणूस आला, की आमच्या सोलापूरच्या दैनिकाचे व्यंगचित्रकार चष्मा कपाळावर चढवून त्याचं नाक न्याहाळत आणि मग नाव विचारत. आम्ही त्यांना आर्टिस्टसाहेब म्हणायचो. मूळचे सांगोल्याकडचे.

मी पहिल्या पानाचा उपसंपादक. माझंही चित्र काढा म्हणून वीस वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. "तुझं नाक अजून पिकलं न्हाय की," एवढंच उत्तर मिळे.

तेव्हा त्यांच्या चित्रांत नाकांचंच राज्य होतं. शुक्रवार पेठेतल्या एका नगरसेवकाचं नाक तर चौकट ओलांडून शेजारच्या हवामानाच्या बातमीला टेकायचं. शिवाय बारीक रेघांची जाळी आणि वस्तूवस्तूवर नावाची पाटी. वाचक खूश होते. तुम्हीही अशा चित्रांना हसला असाल, मीही हसलोय.

एका दुपारी एक म्हातारी डबा घेऊन आली. कोणाची आई, ते विचारावं लागलं नाही. नाक तेच होतं.

"तुमीच काढता व्हय?" पदरानं घाम पुसत ती म्हणाली. "पोराचं चुकलं तर चूक काढा. नळाला पाणी न्हाय, मी बी त्याला बोलते. पण नाक माझं हाय. त्यात त्याचा काय दोष?"

आर्टिस्टसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चुकलं, आई," म्हणाले. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. ती त्यांनी आम्हाला वाटली, स्वतः खाल्ली नाही.

पुढचे आठ दिवस त्यांच्या हातून रेघ निघेना. "नाक काढून घेतलं तर माझ्याकडं उरतं काय रं?" त्यांनी मला विचारलं. मला खरंच भीती वाटली, की हा माणूस आता थांबला.

नवव्या दिवशी चित्र आलं. नगरसेवक पाठमोरा, कोरड्या नळाला हार घालतोय. फोटोच्या वेळी टाचा उंचावायची त्याची सवय होती, तेवढी मात्र नेमकी पकडलेली. नाव नाही, पाटी नाही, तरी सगळ्या पेठेनं ओळखलं. म्हातारीनं पुन्हा डबा पाठवला. या वेळी साहेब पोटभर जेवले आणि म्हणाले, "नाक आईचं असतंय. उभं ऱ्हाणं आपलं."

मग रेघांची जाळी गेली, पाट्या गेल्या. हसू जरा उशिरा यायचं, पण दिवसभर पुरायचं.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन सांगोल्याला, भावाच्या डाळिंबाच्या बागेत गेले. जाताना माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेले. आत चित्र होतं, टेबलावर वाकलेल्या एका पाठमोऱ्या माणसाचं. वीस वर्षं थांबलो आणि नाकच नाही. मी खट्टू झालो.

जुळे सोलापुरात घरी येऊन चित्र बायकोपुढे धरलं. ती हसू लागली. "एक चप्पल पायात, दुसरी टेबलाखाली कुठंतरी लांब. तुम्हीच की हे."

"मी असा कधीच बसत नाही," मी ठासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी हाक मारली. उठलो, तर एक पाय अनवाणी. समोर आर्टिस्टसाहेबांची खुर्ची रिकामी होती. वाकून चप्पल शोधता शोधता मला त्यांची फार आठवण आली.